श्रोणितलाची तालीम

मुलींच्या एका शाळेत खो-खोचा संघ तयार करण्याची जबाबदारी माझ्याकडे पुष्कळ वर्षे होती, आणि त्या अवधीत एक गोष्ट नित्य डोळ्यांसमोर घडत असूनही तिचा अर्थ मला उमगला नाही, याची खंत इतक्या काळानंतरही मनातून गेलेली नाही. सामन्याचा पुकारा होण्यापूर्वी संघातील दोन-तीन मुली हटकून प्रसाधनगृहाकडे जात, परत येत, आणि शिटी वाजायच्या आत पुन्हा एकदा जाऊन येत. सरावाच्या दिवशी ऊन कितीही रणरणत असले तरी त्याच मुली पाण्याच्या माठाकडे फिरकत नसत. ही सामन्याची धास्ती असावी, असे समजून मी त्यांची पाठ थोपटीत असे. त्यांच्यापैकीच एक, संघातील सर्वांत चपळ मुलगी, नववीच्या वर्षी अभ्यासाची सबब सांगून मैदान सोडून गेली. आणि ती स्वतः दोन मुलांची आई झाल्यावर एका दुपारी माझ्या घरी बसून तिने मला सांगितले, की खांबापाशी सूर मारून ती जमिनीवर आली की लघवीचे थेंब सुटत, कपड्यावर डाग दिसेल या भीतीने सामन्याच्या आदल्या रात्री तिला झोप लागत नसे, आणि ही गोष्ट आईला, बाईंना किंवा डॉक्टरांना सांगण्याजोगी आहे, असे त्या वयात तिच्या मनाला शिवलेसुद्धा नाही. "तुम्ही रागावला असतात असं नाही, बाई," ती म्हणाली, "पण काय म्हणून सांगायचं, तेच कळत नव्हतं."

काय म्हणून सांगायचे, आणि सांगून झाल्यावर काय करायचे, एवढ्याचसाठी हा लेख आहे. तो मुलींसाठी आहे, बाळंतपणानंतर पुन्हा धावू पाहणाऱ्या स्त्रियांसाठी आहे, पन्नाशीनंतर डॉक्टरांनी व्यायाम करा म्हणून बजावलेल्या आणि व्यायाम सुरू करताच ही अडचण उभी राहिलेल्या भगिनींसाठी आहे. आणि पुरुष वाचकांनीही पान उलटू नये, कारण ज्या अवयवाविषयी मी लिहीत आहे तो त्यांच्याही देहात आहे.

कमरेच्या हाडांचा जो कटोरा असतो त्याला श्रोणी म्हणतात, आणि या कटोऱ्याला खालच्या बाजूने हाडाचा तळ नाही, ही लक्षात घेण्याची पहिली गोष्ट. पुढे जघनास्थी, मागे माकडहाड आणि दोन्ही बाजूंस, बसताना ज्यांवर भार येतो ती हाडे, यांच्या दरम्यान स्नायूंची व बंधांची एक झोळी ताणून बांधलेली असते. तिला श्रोणितल किंवा साध्या बोलीत ओटीपोटाचा तळ म्हणावे. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांचा भार ती तोलून धरते, आणि तिच्यातूनच मूत्रमार्ग, योनिमार्ग व गुदमार्ग अशा तीन वाटा (पुरुषांत दोन) बाहेर येतात. या स्नायूंकडे तीन कामे आहेत, आणि ती परस्परविरोधी असल्यामुळेच त्यांचा कारभार नाजूक आहे: दिवसभर थोडा ताण राखून भार पेलणे, खोकला, शिंक किंवा उडी येताच क्षणार्धात आवळून वर उचलले जाणे, आणि शौचाच्या, लघवीच्या व समागमाच्या वेळी निमूट सैल होणे. बळ, चपळता आणि विसावा या तिहींपैकी एकही उणे पडले तरी तक्रार उद्भवते. परंतु आपण व्यायाम म्हटला की केवळ बळाचाच विचार करतो, आणि येथेच अर्धी चूक होते.

आता व्यायामाचा आणि या तळाचा संबंध कसा येतो, ते पाहू. पोटाची पोकळी ही चहूबाजूंनी स्नायूंनी बंद केलेली पेटी आहे, अशी कल्पना करावी: वर श्वासपटलाचे झाकण, पुढे व बाजूंना पोटाचे स्नायू, मागे कणा आणि त्याला बिलगलेले स्नायू, आणि खाली श्रोणितल. आपण श्वास घेतो तेव्हा झाकण खाली येते आणि तळही किंचित खाली सरकतो. श्वास सोडताना दोन्ही वर येतात. उडी मारून पाय जमिनीवर आपटले, जड वस्तू उचलली किंवा दम कोंडून जोर केला की या पेटीतील दाब एकाएकी वाढतो, आणि हा वाढीव दाब जिथे वाट मिळेल तिथे निघू पाहतो. तळ त्याच क्षणी, किंबहुना त्याच्या क्षणभर आधी, वर उचलला गेला तर काहीच घडत नाही. त्याला उशीर झाला, तो थकलेला असला किंवा प्रसूतीत ताणला गेला असला, तर थेंब सुटतात. आणि आधार फारच ढिला झाला तर आपल्या खेड्यापाड्यांतील बायका ज्याला 'अंग बाहेर येणे' म्हणतात ती अवस्था येते. धावताना पाय टेकला की देहाच्या वजनाच्या सुमारे तीन-चार पट आघात जमिनीकडून उलट येतो, आणि उड्यांमध्ये तो पाच ते बारा पटींपर्यंत जातो. यावरून पळणे आणि उडी मारणे हे केवळ पायांचे काम नव्हे, याचा अंदाज यावा.

हे दुखणे बाळंतिणींचे आणि म्हाताऱ्यांचे, असा जो सार्वत्रिक समज आहे, तो १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने मुळापासून हलविला. महाविद्यालयीन संघांतून खेळणाऱ्या १४४ मुलींना तीत प्रश्न विचारले गेले; त्यांचे सरासरी वय वीसच्या आसपास होते आणि एकीचेही बाळंतपण झालेले नव्हते. त्यांच्यापैकी २८ टक्के मुलींनी खेळताना लघवी सुटत असल्याची कबुली दिली: जिम्नॅस्टिक्समध्ये ६७ टक्के, बास्केटबॉलमध्ये ६६, टेनिसमध्ये ५०, हॉकीत ४२, पोहणाऱ्यांत १० आणि गोल्फमध्ये एकही नाही. प्रत्येक खेळातील मुलींची संख्या थोडी असल्याने हे आकडे तराजूत घालून मोजू नयेत, तथापि त्यांचा रोख स्पष्ट आहे: जिथे पाय पुनःपुन्हा जमिनीवर आपटतात, तिथे तक्रार अधिक. स्वीडनमध्ये २००२ साली ट्रॅम्पोलिनवर उड्यांचा सराव करणाऱ्या ३५ निष्णात मुलींची अशीच पाहणी झाली, आणि त्यांतील ८० टक्के मुलींना सरावाच्या वेळी लघवी सुटत असे. त्यांच्यापैकी पुष्कळजणी तर शाळकरी वयाच्या होत्या.

एवढे वाचून एखादी माउली आपल्या मुलीचे बूट कपाटात ठेवून कुलूप घालील, ही भीती मला आहे. म्हणून वर सांगितलेल्या अमेरिकेतील पाहणीच्या प्रमुख संशोधिकेने पुढे केलेला दुसरा अभ्यास लागलीच सांगितला पाहिजे. १९६० ते १९७६ या काळात ऑलिम्पिकमध्ये उतरलेल्या स्त्री-खेळाडूंना, खेळ सोडून पुष्कळ वर्षे लोटल्यावर, प्रश्न विचारण्यात आले. खेळत असताना जिम्नॅस्टिक्स व मैदानी शर्यतींतील स्त्रियांना जलतरणपटूंपेक्षा पुष्कळच अधिक त्रास होत असे. परंतु उतारवयात या दोन गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. मग खेळाने तळ कायमचा निकामी होतो, हे म्हणणे टिकत नाही. खेळ त्या क्षणी तळाकडून जितकी मागणी करतो तितकी तयारी त्याची झालेली नसते, एवढाच त्याचा अर्थ. खो-खोसाठी आम्ही मुलींच्या मांड्या, घोटे आणि पाठ तयार करून घेत होतो. मल्लखांबासाठी मनगटे आणि पायांची बोटे तयार करून घेतली जातात. ज्या स्नायूंवर प्रत्येक उडीचा शेवटचा भार येतो त्यांची मात्र तालीम कोणी घेतली नाही. खेळ सोडू नये, तळाला त्या खेळाची तालीम द्यावी, हे माझे सांगणे आहे.

आता एकेका खेळाकडे वळू. आपल्या खो-खोत पाठलाग करणारी मुलगी उकिडवी बसलेली असते आणि 'खो' मिळताच क्षणात उठून सुसाट धावते. उकिडवे बसण्यात तळ ताणून सैल होतो आणि उठताना त्याला एकदम आवळावे लागते, म्हणून तळाच्या चपळतेची खरी कसोटी याच क्षणी लागते. सूर मारताना जो दम कोंडला जातो तो टाळून, झेपेबरोबर श्वास बाहेर टाकण्याची सवय मुलींना लावता येते. ती लावण्यास मला पंधरवडा पुरला. कबड्डीची गोष्ट तर मला विलक्षण वाटते. चढाई करणारी खेळाडू 'कबड्डी कबड्डी' असा अखंड उच्चार करते, म्हणजे नियमानेच तिचा श्वास सतत बाहेर पडत राहतो, आणि दम कोंडून जोर करण्याचा दोष खेळाच्या घटनेतच टळतो. धोका येतो तो पकडीत, जेव्हा दोघीतिघी अंगावर पडतात आणि मध्यरेषेकडे झेपावताना घसा बंद करून सर्व शक्ती लावली जाते. मल्लखांबावर मांड्यांची पकड सतत घट्ट असल्यामुळे मांडीच्या आतील स्नायूंबरोबर श्रोणितलही ताणलेले राहते. म्हणून तिथे बळापेक्षा सैल सोडण्याचे शिक्षण अधिक द्यावे लागते, आणि खांबावरून उतरताना उडी न टाकता पाय मऊ टेकवावेत, एवढी शिस्त पाळली तरी पुष्कळ भार वाचतो.

मंगळागौरीच्या खेळांचा उल्लेख येथे मी मुद्दाम करते, कारण पुष्कळ स्त्रियांच्या आयुष्यात लग्नानंतर उड्या मारण्याचा तोच काय तो प्रसंग असतो. वर्षभर घरकाम आणि कचेरीतली बैठी नोकरी, आणि श्रावणातल्या एका रात्री बसफुगडी व कोंबडा, अशी उडी देहाला मानवत नाही. ज्यांना रात्रभर जागवायची असेल त्यांनी आषाढापासूनच उठाबशांचा आणि हलक्या उड्यांचा सराव धरावा. फुगडीत तोंडाने जो तालबद्ध फूत्कार धरतात तो मात्र सोडू नये. आपल्या आज्यांनी त्याची कारणमीमांसा केली नसेल, तरी श्वास मोकळा ठेवण्याची ती एक उत्तम युक्ती आहे.

धावण्याच्या बाबतीत अलीकडे स्त्रियांत मोठा उत्साह आला आहे, आणि मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये पहाटेच्या काळोखात निघणाऱ्या गृहिणींचे थवे पाहून माझे मन भरून येते. त्यांना माझ्या तीन सूचना आहेत. पाऊल लांब टाकू नये, आखूड आणि भरभर टाकावे, म्हणजे प्रत्येक पावलाचा आघात कमी होतो; उतारावरून धावताना भार वाढतो, म्हणून तक्रार असेपर्यंत उतार चालत उतरावा; आणि त्रास कितव्या किलोमीटरला सुरू होतो त्याची नोंद ठेवावी, कारण पहिल्याच पावलापासून थेंब सुटणे आणि सहाव्या किलोमीटरनंतर सुटणे, यांत दुसऱ्या प्रकारची स्त्री सशक्त पण लवकर थकणारी असते आणि तिचा उपाय वेगळा असतो. पोहण्याविषयी फारसे लिहायला नको. पाण्यात देहाचा भार हलका होतो, श्वास पाण्यात सोडावाच लागतो, आणि तक्रारीच्या काळात दम टिकवून ठेवण्यासाठी याहून चांगला आसरा नाही. रोजचे झपाझप चालणेही हितकर. मध्यम व्यायाम नियमाने करणाऱ्या स्त्रियांत ही तक्रार बैठ्या स्त्रियांपेक्षा कमी आढळते.

सायकलीचा प्रश्न दाबाचा नसून दडपणाचा आहे. अरुंद, कडक बैठकीवर तासन्तास बसल्याने तळातून जाणारी शीर व रक्तवाहिन्या दडपल्या जातात, आणि गुप्तांगाच्या भागी बधिरता येते; ती पुरुषांतही येते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास लैंगिक तक्रारी उद्भवू शकतात. बैठक बसण्याच्या हाडांच्या रुंदीची, मध्ये खाच असलेली, आणि पुढचे टोक वर न उचललेली असावी. दर दहा मिनिटांनी पायट्यांवर उभे राहून भार काढावा. बधिरता आली असता तशीच मजल मारणे, याला मी चिकाटी म्हणणार नाही.

वजने उचलण्याविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आहेत, आणि दोन्ही चुकीची आहेत. 'बायकांनी जड उचलू नये, अंग येईल' हे एक, आणि व्यायामशाळेतील शिक्षकाने दम कोंडायला लावून रोज वजन वाढवीत नेणे हे दुसरे. हाडे आणि स्नायू टिकवायचे तर चाळिशीनंतर स्त्रीने वजने उचलली पाहिजेतच. पाण्याचे हंडे, धान्याची पोती आणि कडेवरची मुले तिने उचलली तेव्हा तिला कोणी मुभा विचारली नव्हती. नियम असा, की उचलण्यापूर्वी तळ हलकेच आवळून वर घ्यावा, श्वास सोडीत वजन उचलावे, आणि ज्या वजनाला श्वास सोडता येत नाही, पोट फुगते किंवा खाली ओढल्यासारखे वाटते, ते वजन आज आपले नव्हे असे समजून एक पायरी खाली उतरावे. जोर-बैठका, दंड आणि पोटाच्या उठाबशा यांनाही हाच नियम लागू आहे.

योगासनांविषयी विचारणा फार होते. मूलबंध ही क्रिया हठयोगाच्या ग्रंथांत शतकांपूर्वी सांगितलेली असून तीत याच तळाचा संकोच अभिप्रेत आहे. आणि लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून आरंभिलेल्या प्रयोगांत, उड्डियान व नौली करताना पोटातील दाब वाढण्याऐवजी बाहेरच्या हवेच्याही खाली उतरतो, हे उपकरणांनी मोजून दाखविले होते. याचा अभिमान असावा. परंतु मूलबंध धरून ठेवणे जितके महत्त्वाचे तितकेच तो संपूर्ण सोडणेही, आणि वर्गांत दुसऱ्या भागाला वेळ दिला जात नाही. कपालभातीत पोटाचे झटके जोराने बसतात. ज्यांना अंग खाली आल्यासारखे वाटते किंवा ज्या नुकत्या बाळंत झाल्या आहेत त्यांनी ती तज्ज्ञाला विचारल्यावाचून करू नये. सूर्यनमस्काराला सहसा हरकत नाही, मात्र उडी मारून पाय मागे टाकण्याची घाई नको.

तालीम कशी द्यावी, ते आता सविस्तर सांगते, कारण लेखाचा गाभा हाच आहे. या व्यायामाचा पद्धतशीर उपचार १९४८ मध्ये अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नल्ड केगेल यांनी प्रसिद्ध केला, आणि त्यांच्याच नावाने तो आज जगभर ओळखला जातो. प्रथम उताणे निजून गुडघे दुमडावेत आणि दोन-चार श्वास शांतपणे घ्यावेत. मग श्वास सोडताना, चारचौघांत वायू सुटू नये म्हणून आपण जसे गुदद्वार आवळतो तसे ते आवळावे, तोच आवळ पुढे मूत्रद्वारापर्यंत आणावा, आणि आतल्या आत वर उचलावा. या वेळी नितंब, मांड्या व जबडा सैल असावेत, आणि पोटावर ठेवलेला हात बाहेर ढकलला जाऊ नये. खाली रेटल्यासारखे वाटत असेल तर क्रिया उलटी होत आहे. आणि ही चूक विरळ नाही, कारण पहिल्या भेटीला सुमारे एकतृतीयांश स्त्रियांना हा संकोच बिनचूक साधत नाही, असा तज्ज्ञांचा अनुभव आहे. म्हणून शक्य असेल तिने या विषयात शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्यावे; मोठ्या शहरांत आता अशा तज्ज्ञ स्त्रिया आहेत.

संकोच साधला की तो आरंभी तीन सेकंद, पुढे वाढवीत आठ-दहा सेकंद धरावा, आणि जितका वेळ धरला तितकाच, किंवा थोडा अधिक, पूर्ण सैल सोडावा. असे आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा. त्यानंतर पाच-दहा झटपट आवळ द्यावेत, कारण उडीला उपयोगी पडतात ते हेच. तीन महिन्यांच्या आत निकालाची अपेक्षा करू नये आणि तीन महिन्यांच्या आत सोडूनही देऊ नये. लघवी करताना मध्येच धार अडविण्याचा व्यायाम काहीजणी करतात, तो करू नये. त्याने मूत्राशय पुरते रिकामे होत नाही.

निजून साधले की बसून, मग उभे राहून, मग उकिडवे बसून, आणि शेवटी खेळाच्या हालचालीत, अशी चढती श्रेणी धरावी. खेळाडूंच्या बाबतीत ही शेवटची पायरी अत्यावश्यक आहे आणि तीच गाळली जाते. माझ्या मुलींकडून पुढे मी असे करवून घेत असे: प्रथम टाचा उचलून हलकेच खाली सोडायच्या आणि टाच टेकण्याआधी तळ उचलायचा, ते जमले की जागच्या जागी छोटी उडी, मग दोन पायांवरून एका पायावर, मग दिशा बदलून धाव, आणि मग खांब. खोकण्यापूर्वी किंवा शिंकण्यापूर्वी तळ आवळण्याची हीच युक्ती वयस्क स्त्रियांना शिकविली असता आठवड्याभरातच गळती स्पष्ट कमी झाल्याचे १९९८ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात दिसून आले आहे. तेव्हा ज्यांना मैदानाशी कर्तव्य नाही त्यांनीही एवढी युक्ती अंगी बाणवावी.

परंतु प्रत्येक तक्रारीला आवळणे हा उपाय नव्हे. नृत्यांगना, जिम्नॅस्ट, घोडेस्वार आणि दिवसभर पोट आत ओढून चालणाऱ्या स्त्रिया यांच्यात तळ ढिला नसून अतिताठर झालेला आढळतो. समागमात वेदना, लघवीची धार सुरू व्हायला वेळ लागणे, शौचाला कुंथावे लागणे, माकडहाडाशी सतत दुखणे, ही त्याची लक्षणे. आणि मूठ तासन्तास आवळून धरली की हात जसा निकामी होतो, तशीच ऐन वेळी आणखी आवळण्याची शक्ती न उरल्यामुळे अशा तळातूनही लघवी सुटते. अशा वेळी वरील व्यायाम थांबवावा, बाळासनात किंवा मालासनात पोटात खोल श्वास घेऊन तळ खाली उतरू द्यावा, आणि तज्ज्ञाची भेट घ्यावी.

बाळंतपणानंतरच्या काळाविषयी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा सल्ला बहुतांशी शहाणपणाचा आहे. सव्वा महिन्याची विश्रांती हा त्यांनी दिलेला हुकूम नव्या वैद्यकालाही मानवतो. धावण्यास आणि उड्यांना प्रसूतीनंतर निदान बारा आठवडे जाऊ द्यावेत, असा आजच्या तज्ज्ञांचा सल्ला आहे. तोवर चालावे आणि, टाके व वेदना यांचा अडथळा नसेल तर, तळाचे हलके संकोच करावेत. पोट बांधण्याचा पट्टा सैलसर असेल तर आधार वाटतो. तो श्वास अडेल इतका आवळल्यास पोटातला दाब खालीच ढकलला जातो. शस्त्रक्रियेने बाळंत झालेल्यांनीही आपला तळ शाबूत आहे असे गृहीत धरू नये, कारण नऊ महिन्यांचा भार त्यानेही पेललेला असतो. आणि पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन कमी झाल्याने या भागाची त्वचा व आधार पातळ होतात. त्यावर योनिमार्गात लावण्याची औषधे असतात, ती डॉक्टरांना विचारून घेण्यात संकोच नसावा. पुरुषांपैकी ज्यांची प्रोस्टेटची शस्त्रक्रिया व्हायची आहे त्यांनी हा व्यायाम शस्त्रक्रियेपूर्वीच शिकून घ्यावा, म्हणजे पुढे तो शोधत बसावा लागत नाही.

पाणी कमी पिणे हा या दुखण्यावरचा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत घातक घरगुती उपाय. त्याने मूत्र दाट होऊन मूत्राशयाला चेतवते, जंतुसंसर्गाला वाव मिळतो, आणि मलावरोध होऊन शौचाला कुंथावे लागते. रोजचे हे कुंथणे तळाचे जितके नुकसान करते तितके पुष्कळ खेळ करीत नाहीत. भाकरी, पालेभाजी, फळे आणि पुरेसे पाणी यांचा बंदोबस्त व्यायामाच्या आधी करावा. घराबाहेर पडताना लागली नसतानाही 'जाऊन घ्यावे' ही सवय मूत्राशयाला थोड्याशा मूत्रावर ओरडायला शिकविते, म्हणून तीही हळूहळू सोडावी. ज्या मुली वजन उतरविण्यासाठी उपाशी राहतात आणि ज्यांची पाळी त्यामुळे थांबते, त्यांची शक्ती सर्वच बाजूंनी खालावते. त्यांच्या शिक्षकांनी हा मामला पदकापेक्षा मोठा समजावा.

काही लक्षणांत मात्र व्यायामाची वाट न पाहता डॉक्टरांकडे गेले पाहिजे: लघवीत रक्त, योनीत गाठ किंवा काही उतरल्याची जाणीव, मलावर ताबा न राहणे, लघवी साफ न होणे, पुन्हा पुन्हा होणारी जळजळ. आणि कंबर दुखत असताना मांड्यांच्या आतील भाग व गुप्तांग एकाएकी बधिर झाले, पायांतले बळ गेले किंवा लघवी अडली, तर त्याच तासाला इस्पितळ गाठावे. ती कण्यातील शिरांवरच्या दाबाची खूण असू शकते आणि तिथे विलंबाला क्षमा नाही.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि तोवर अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तेव्हा तक्रार घेऊन कोणी येत नाही, यावरून तक्रार नाही असा दाखला शिक्षकांनी स्वतःलाच देऊ नये. त्या माजी विद्यार्थिनीच्या भेटीनंतर माझी जी थोडी वर्षे नोकरीची उरली होती, त्यांत दर जूनमध्ये पहिल्याच तासाला मी हाडांच्या सापळ्याचा तक्ता भिंतीवर लावून श्रोणितल कोठे असते ते बोट ठेवून दाखवीत असे, आणि उडीबरोबर लघवी सुटणे हे घोटा मुरगळण्यासारखेच खेळाडूचे एक दुखणे आहे, असे मोठ्याने, सर्वांसमोर, एकदाच सांगत असे. संघाची गडद निळी चड्डी ठरविली, खेळाच्या पेटीत दोन जादा ठेवल्या, आणि त्या घेताना कोणाला विचारावे लागू नये अशी तजवीज केली. सरावाच्या शेवटी पाच मिनिटे चटईवर निजून संकोच आणि विसावा. पहिल्या वर्षी चौघीजणी तास संपल्यावर थांबून माझ्याशी बोलल्या. आणि त्या उन्हाळ्यात मैदानावरचा पाण्याचा माठ शिपाईमामांना दिवसातून दोनदा भरावा लागू लागला.